संग्रहालयाचे मूळ घरातल्या पेटीत

एकाच जागेला तीन भाषांनी तीन नावे दिली आहेत. उर्दूत ‘अजायबघर’, म्हणजे अजब वस्तूंचे घर. मराठीत ‘वस्तुसंग्रहालय’, जरा सरकारी वाटणारा पण नेमका शब्द. आणि अरबीत ‘मतहफ’. हा तिसरा शब्द आपल्याला परका वाटतो, पण तो आपल्या घरात ईदेला, लग्नाला वापरल्या जाणाऱ्या ‘तोहफा’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. दोघांचे मूळ एकच. मतहफ म्हणजे जिथे तोहफे ठेवतात ती जागा. गेलेल्या पिढीने येणाऱ्या पिढीसाठी ठेवलेला तोहफा, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो.

जगातली सर्वांत जुनी संग्रहालये कशी सुरू झाली हे वाचू लागलो, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. यातल्या बहुतेकांची सुरुवात सरकारी इमारतीत झाली नाही. ती कुणाच्या तरी राहत्या घरात, बागेत, दर्ग्यात किंवा मशिदीच्या अंगणात झाली. कुणीतरी एक वस्तू टाकून न देता बाजूला ठेवली आणि ती काय आहे ते लिहून ठेवले. रायगड किनाऱ्यावर दिघी, श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यातल्या आपल्या घरांशी या गोष्टीचा फार जवळचा संबंध आहे. पण आधी लांबचा प्रवास करू.

ऊरच्या शाहजादीचे घर

इराकच्या दक्षिणेला नासिरिया शहराजवळ ऊर नावाच्या प्राचीन शहराचे अवशेष आहेत. अनेक परंपरांमध्ये हजरत इब्राहीम (अलै.) यांचे नाव या शहराशी जोडले जाते. १९२५ साली लिओनार्ड वूली हे ब्रिटिश संशोधक तिथे उत्खनन करत होते. एका जुन्या वाड्याच्या दालनात त्यांना काही वस्तू सापडल्या. एका राजाच्या पुतळ्याचा तुकडा, शेतजमिनीची हद्द दाखवणारा कोरीव दगड, मातीचा लेख असलेला शंकू. वाडा होता इसवी सनपूर्व सहाव्या शतकातला. वस्तूंची वये मात्र वेगवेगळी होती आणि एखादी तर वाड्यापेक्षा दीड हजार वर्षांनी जुनी होती. वेगवेगळ्या काळातल्या वस्तू एकाच फरशीवर कशा आल्या, हे कोडे होते.

उत्तर मातीच्या एका छोट्या नळकांड्याने दिले. त्यावर जुन्या लिपीतल्या मजकुराची नक्कल होती आणि शेजारी नंतरच्या लिपीत खुलासा होता. ऊरच्या एका जुन्या राजाच्या विटा शहराच्या सुभेदाराला सापडल्या, त्यावरचा मजकूर पाहणाऱ्यांसाठी उतरवून घेतला आहे, असा त्याचा आशय. आज संग्रहालयात वस्तूखाली जी पाटी लावतात, तीच ही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची.

हा वाडा बाबिलोनचा शेवटचा राजा नबोनिदस याची मुलगी एन्निगल्दी-नन्ना हिचा होता. इसवी सनपूर्व ५३० च्या सुमारास तिच्या घरात हा संग्रह होता, म्हणून जगातले पहिले संग्रहालय एका बाईच्या घरात होते असे म्हटले जाते. याला संग्रहालय म्हणावे की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाची ती चिठ्ठी. वस्तू नुसती ठेवली असती, तर वूलींना तो दगडमातीचा ढीग वाटला असता. शेजारी लिहिले होते, म्हणून ती वस्तू बोलू लागली.

पुढे इराकमधल्या उत्खननातल्या अनेक वस्तू बगदादच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवल्या गेल्या. ते १९२६ साली सुरू झाले. एप्रिल २००३ मध्ये युद्धाच्या धामधुमीत ते लुटले गेले आणि सुमारे १५,००० वस्तू नाहीशा झाल्या. त्यातल्या हजारो वस्तू पुढे परत मिळाल्या. कुठे विमानतळावर, कुठे दुसऱ्या देशातल्या दुकानात त्या ओळखता आल्या, कारण संग्रहालयाचे नोंदणी क्रमांक आणि वह्या होत्या. इथेही लिहून ठेवलेलेच कामी आले.

वक्फची भांडी, मशिदीचे अंगण

मुस्लिम जगात वस्तू जपण्याची एक खास वाट होती, ती म्हणजे वक्फ. मालकाने वस्तूवरचा आपला हक्क सोडायचा, ती अल्लाहच्या नावे द्यायची आणि पुढे ती ना विकायची ना वाटून घ्यायची. किताबखाने याच वाटेने टिकले. भांडीसुद्धा टिकली. इराणमध्ये अर्दबील इथे सफवी घराण्याच्या पूर्वजांची दर्गा आहे. शाह अब्बास पहिला याने १६११ साली आपल्याकडची हजाराहून अधिक चिनी मातीची भांडी या दर्ग्याला वक्फ केली. भांड्यांवर वक्फचा शिक्का कोरला. त्यांच्यासाठी जे दालन सजवले त्याला ‘चिनीखाना’ म्हणतात. भिंतीत सुरया आणि फुलदाण्यांच्या आकाराचे कोनाडे कोरलेले आहेत. यातली बरीच भांडी आज तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्याच दर्ग्यातली मौल्यवान हस्तलिखिते मात्र १८२८ साली रशियन फौजेने सेंट पीटर्सबर्गला नेली. भांडी आणि किताबे एकाच छताखाली होती, नशीब वेगळे निघाले.

इस्तंबूलमध्ये जुनी शस्त्रे आणि जुने अवशेष एका जुन्या इमारतीत गोळा होत होते. १८४६ साली त्यांची नीट मांडणी झाली आणि १८६९ साली त्याला शाही संग्रहालय असे नाव मिळाले. १८८१ साली उस्मान हमदी बे हे चित्रकार त्याचे प्रमुख झाले. त्या काळात युरोपचे लोक उस्मानी मुलखात उत्खनन करून सापडेल ते जहाजात भरून नेत. उस्मान हमदींच्या काळात १८८४ साली कायदा झाला की जमिनीत सापडलेली प्राचीन वस्तू देशाबाहेर न्यायची नाही. १८९१ साली त्यांनी नवी इमारत उघडली. ती आजही इस्तंबूलचे पुरातत्त्व संग्रहालय म्हणून उभी आहे. तोपकापी महाल, जिथे तबर्रुकात जपलेले आहेत, तो १९२४ साली संग्रहालय झाला.

कैरोची कहाणी आम्हाला सर्वांत आवडली. जुन्या मशिदी पडत होत्या आणि त्यांचे लाकडी दरवाजे, मिंबर, काचेचे दिवे चोरीला जात होते. मग हे सारे अल-हाकिमच्या मशिदीत गोळा करण्यात आले आणि १८८४ साली तिच्या अंगणात लहानशा इमारतीत अरब कलेचे संग्रहालय सुरू झाले. १९०३ मध्ये त्याला बाब-अल-खल्क इथे मोठी इमारत मिळाली. आज ते इस्लामी कलेचे संग्रहालय म्हणून ओळखले जाते. जानेवारी २०१४ मध्ये समोरच्या पोलीस मुख्यालयावर झालेल्या बॉम्बस्फोटात इमारतीचे आणि वस्तूंचे मोठे नुकसान झाले. काचेचे जुने दिवे फुटले. कारागिरांनी तुकडे जोडत आणले आणि २०१७ साली दारे पुन्हा उघडली.

दरवाजा सर्वांसाठी केव्हा उघडला

युरोपची नावे आपण शाळेत ऐकलेली असतात, म्हणून थोडक्यात सांगतो. रोममध्ये १४७१ साली पोप सिक्स्टस चौथा याने काही प्राचीन ब्राँझचे पुतळे शहराच्या लोकांना दिले. कॅपिटोलाइन संग्रहालयाची सुरुवात तिथून धरतात, पण सर्वसामान्यांसाठी ते १७३४ साली उघडले. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन १६८३ साली सुरू झाले. त्यातला मूळ संग्रह ट्रेडस्कँट नावाच्या बापलेकाचा होता. दोघेही बागवान होते. झाडांच्या शोधात देशोदेशी फिरताना शिंपले, पक्षी, कपडे, शस्त्रे जे मिळाले ते त्यांनी लंडनच्या घरात मांडले होते आणि लोक पैसे देऊन पाहायला येत.

ब्रिटिश म्युझियमचा कायदा १७५३ साली झाला आणि दरवाजा १७५९ साली उघडला. त्यामागे हान्स स्लोन या डॉक्टरांचा सुमारे ७१,००० वस्तूंचा संग्रह होता. सुरुवातीला आत जायला आधी लेखी अर्ज करून तिकीट मिळवावे लागे, त्यामुळे गरीब माणूस बाहेरच राहत असे. पॅरिसचा लूव्र हा राजाचा महाल. क्रांतीनंतर १७९३ साली तो लोकांसाठी खुला झाला. घर, मग मोठ्यांचे दालन, मग सर्वांचे दालन, हा प्रवास व्हायला युरोपलाही तीनशे वर्षे लागली.

आपल्या देशात कोलकात्याचे इंडियन म्युझियम १८१४ साली सुरू झाले, ते भारतातले सर्वांत जुने. त्यानंतर १८५१ साली चेन्नईचे. मग पाळी आली मुंबईची.

राणीच्या बागेतले अजायबघर

कोकणातून मुंबईला गेलेल्या प्रत्येक कुटुंबाने मुलांना घेऊन भायखळ्याची राणीची बाग पाहिलेली असते. वाघ, हत्ती, माकडे झाली की थकलेली मुले तिथल्या डौलदार इमारतीसमोर बसतात. आत किती जण जातात? ही इमारत म्हणजे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय.

त्याची सुरुवात १८५५ साली फोर्टमधल्या टाऊन बॅरॅक्समध्ये झाली. देशातला कच्चा माल आणि कारागिरीचे नमुने तिथे ठेवले होते. १८५७ चा उठाव झाला, फौजेला जागा हवी झाली आणि संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला. पुष्कळ वस्तू मोडल्या, हरवल्या. पुढे जॉर्ज बर्डवुड यांनी उरलेले गोळा केले. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या शहरातल्या मान्यवरांनी नव्या इमारतीसाठी वर्गणी जमवली. १८६२ साली पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम लोकांसाठी उघडले. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले. मोठ्या दुरुस्तीनंतर २००८ साली ते पुन्हा खुले झाले. आत मुंबईतल्या निरनिराळ्या जमातींच्या, त्यांच्या पोशाखांच्या आणि धंद्यांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. बाहेर घारापुरीहून आणलेला तो दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यामुळे त्या बेटाला एलिफंटा नाव पडले.

दुसरे मोठे संग्रहालय फोर्टमधले, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स, आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०५ साली त्याचा पाया घातला. पहिल्या महायुद्धात इमारतीचा वापर लष्करी इस्पितळ म्हणून झाला आणि १९२२ साली ते लोकांसाठी उघडले. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून बेतला. आत अकबर बादशाहाचे पोलादी चिलखत आणि ढाल आहे. अकबराच्या काळात चित्रांनी सजवलेली ‘अन्वार-ए-सुहैली’ची पाने आहेत. ही किताब म्हणजे पंचतंत्राच्याच गोष्टी. त्या आपल्या भूमीतून अरबीत ‘कलीला व दिम्ना’ म्हणून गेल्या, तिथून फारसीत आल्या आणि मुघल चित्रकारांच्या हातून पुन्हा इथे पोचल्या. मुलांना हे एकदा दाखवाच. गोष्ट कुणाची आणि भाषा कुणाची, हा वाद तिथे आपोआप विरतो.

नागपूरचे संग्रहालय १८६३ सालचे. लोक त्याला प्रेमाने ‘अजब बंगला’ म्हणतात, म्हणजे अजायबघरच. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय तर एका घराण्याच्या हौसेतून उभे राहिले. तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान १९४९ साली वारले. त्यांनी आणि वाडवडिलांनी जमवलेल्या वस्तू १९५१ साली त्यांच्याच राहत्या हवेलीत लोकांसाठी मांडल्या गेल्या.

पण आपल्यासारख्या मध्यम घरांनी पाहावे ते पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. केळकरांनी शंभर वर्षांपूर्वी जमवाजमव सुरू केली. जमवले काय? अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दरवाजे, फण्या. लोकांनी अडगळीत टाकलेल्या वस्तू त्यांनी घरोघर, गावोगाव फिरून आणल्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच, वयाच्या सातव्या वर्षी वारला. संग्रहालय त्याच्या नावाचे आहे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही केळकरांनी तिथे आणून पुन्हा उभे केले. राजेरजवाड्यांच्या तलवारी जपायला पुष्कळ जण असतात. आजीचा अडकित्ता जपायला केळकरच लागतात.

जंजिऱ्यात काय उरले

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. दिघीच्या जेट्टीवर उभे राहिले की समोर राजपुरीची खाडी पसरलेली असते. पलीकडे आगरदांडा, आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यातून वर आलेला जंजिरा. आगरदांड्याची जंगल जेट्टी गाड्या घेऊन येते-जाते, आणि जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या राजपुरीहून सुटतात तशा दिघीहूनही सुटतात. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी हे बेट १९४८ पर्यंत, संस्थान विलीन होईपर्यंत, आपल्याकडे राखले. त्यांच्या आरमाराने मुघलांच्या वतीने सुरतेची आणि हजयात्रेकरूंच्या जहाजांची राखण केली. किल्ल्यात आज कलालबांगडी तोफ आहे, गोड्या पाण्याचे तलाव आहेत, सुरूलखानाच्या वाड्याच्या भिंती आहेत. राजपुरीजवळ खोकरी इथे सिद्दी सुरूलखान, सिद्दी याकूतखान आणि सिद्दी खैरियतखान यांचे तीन घुमट आहेत.

किल्ला पाहून आलेल्या एका शाळकरी मुलीने आम्हाला विचारले, “तोफा पाहिल्या. पण तिथे राहणारे लोक जेवायचे कशात? मुलं कुठे शिकायची?” प्रश्न साधा होता आणि आमच्याकडे दाखवायला काही नव्हते. किल्ल्यात शतकानुशतके वस्ती होती. कुटुंबे होती, बाजार होता, मशीद होती. ती कुटुंबे विसाव्या शतकात किल्ला सोडून किनाऱ्यावर आणि मुंबईला गेली. त्यांच्यासोबत भांडी, कपडे, वह्या गेल्या आणि पांगल्या. दगड जागेवर राहिले, घर निघून गेले.

जंजिऱ्याच्या नवाब घराण्याची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. नवाब सिद्दी अहमदखान यांची बेगम नाझली रफिया सुलतान शिकलेली होती. १९०८ साली युरोपचा प्रवास करून तिने उर्दूत प्रवासवर्णन लिहिले. तिची बहीण अतिया फैजी त्याआधी, १९०६-०७ मध्ये, लंडनला शिकायला गेली होती. तिनेही आपल्या त्या दिवसांवर उर्दूत पुस्तक लिहिले. शंभर वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्याशी नाते असलेल्या दोन मुस्लिम बहिणी जग पाहून लिहीत होत्या, हे आपल्या किती मुलींना ठाऊक आहे? अतिया आणि तिचे पती, चित्रकार फैजी रहमीन, फाळणीनंतर कराचीला गेले. त्यांची चित्रे आणि संग्रह तिथे गेला. तो त्यांनी कराची शहरासाठी ठेवला, पण दोघांच्या मृत्यूनंतर त्याला नीट घर मिळायला अनेक दशके अडचणी आल्या. एवढ्या मोठ्या नावांच्या वस्तूंचे हे झाले, तर साध्या खलाशाच्या पेटीचे काय होणार?

वादळात भिजलेली पेटी

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात कौले आणि पत्रे उडाले, नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. त्या नुकसानीचे पंचनामे झाले. पेटीतल्या कागदांचा पंचनामा कुणी केला नाही.

दिघीच्या बाजूच्या एका घरात आम्ही बसलो होतो. घरच्या बुजुर्ग बाई, ज्यांना सगळा मोहल्ला चाची म्हणतो, सांगत होत्या. सासरे आगबोटीवर टंडेल होते. त्यांची ‘नली’, म्हणजे नोकरीची नोंद असलेले खलाशांचे पुस्तक, काही पत्रे आणि हजच्या बोटीचे कागद माळ्यावरच्या सागवानी पेटीत होते. वादळात माळा उघडा पडला. “तीन दिवस पाऊस आत येत होता. कागद उन्हात घातले तर शाई पसरली, पाने चिकटली. वाचता येईना, मग ठेवून काय करायचे? चुलीत घातले,” असे त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ थांबून, “त्यात त्यांच्या हाताची अक्षरं होती,” इतकेच बोलल्या. मोठा हंडा आणि देग त्याआधीच वजनावर भंगारात गेले होते, कारण कलई करणारा आता येत नाही.

अशी घरे एकटी नाहीत. कोकणातल्या कित्येक मोहल्ल्यांत चांगली बांधलेली घरे वर्षाचे अकरा महिने कुलूपबंद असतात. माणसे मुंबई, मुंब्रा, आखात, आफ्रिका, इंग्लंडला. रमजान-ईदेला किंवा लग्नाला दारे उघडतात, साफसफाई होते, आणि साफसफाईत पहिला बळी जुन्या कागदांचा जातो. पुढे घर पाडून नवे बांधायचे ठरते, तेव्हा पानदान, सरपोस, गुलाबदाणी, रहल, सांदणाचे जुने साचे भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात.

यात काय जाते? कोकणच्या किनाऱ्यावरचे किती तरी मुस्लिम खलाशी, सारंग, टंडेल, भंडारी इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर जगभर फिरले. त्यांचा इतिहास मोठ्या पुस्तकांत दोन ओळींचा आहे. बाकीचा नलीत आणि पत्रांत आहे. मुंबई ते जेद्दा अशी हजची बोट १९९५ साली बंद झाली. त्या प्रवासाच्या आठवणी आणि तिकिटे आता फक्त घरांत असतील. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या शिळाछापखान्यांतून कुरआन शरीफ आणि अरबी-फारसी-उर्दू किताबे छापली जात. त्यांच्या प्रती कोकणात आल्या. पुष्कळ घरांत त्यांच्या पहिल्या-शेवटच्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म, निकाह आणि मृत्यू लिहिलेले असतात. आपण कुठून आलो, कोण होतो, असे उद्या कुणी विचारले, तर दाखवायला हेच कागद असतात. ते नसले तर आपल्याबद्दल दुसरे जे सांगतील तेच खरे ठरते.

आपल्याला काय करता येईल

काही जण म्हणतात, जुने धरून बसणे हा दुनियेचा मोह आहे. आमचे म्हणणे असे की पुढच्यासाठी जपलेली वस्तू ही अमानत असते. कुरआन शरीफने जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा असे वारंवार सांगितले आहे. पाहायला काही उरले असेल तरच पाहता येईल. आणि यासाठी मोठी इमारत लागत नाही. पुढची कामे कुठल्याही घराला जमण्यासारखी आहेत.

आधी चिठ्ठी लिहा. वस्तू कुणाची, कुठून आली, कशासाठी वापरत, कोणी सांगितले आणि आज तारीख काय, एवढ्या पाच गोष्टी. घरात ज्यांना हे माहीत आहे त्या दादी-नानीला आजच विचारा. मुलांना मोबाईलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करायला लावा. जुन्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा, पेनने लिहिले तर शाई पुढच्या बाजूला उतरते.

कागदांना लॅमिनेशन करू नका. उष्णतेने आणि प्लॅस्टिकने कागद कायमचा बिघडतो आणि ते पुन्हा काढता येत नाही. चिकटपट्टीही लावू नका. कागद सपाट, धुतलेल्या सुती कापडात, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. कोकणातली दमट हवा लक्षात घेऊन पावसाळ्यानंतर एकदा पेटी उघडून सावलीत हवा द्या, कडक उन्हात नको. कागद भिजलेच तर घाईने पाने सोडवू नका. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, मध्ये कोरा टिपकागद घालून हळूहळू सुकू द्या. आणि पेटी माळ्यावर ठेवू नका, कारण वादळात आधी छप्पर जाते.

जीर्ण कुरआन शरीफ किंवा दीनी किताबे अदबीने दफन करण्याआधी कोरी पाने तपासा. छापखान्याचे नाव, साल आणि घरच्या नोंदी यांचे फोटो घ्या. पितळ-तांब्याच्या जुन्या वस्तू लखलखीत करण्यासाठी आम्लाने घासू नका, त्याने कोरीव अक्षरे झिजतात.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखिते यांच्याबद्दल १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकांना ‘आठवण’ म्हणून देण्याआधी हे ध्यानात ठेवा. त्यांना फोटो पाठवा, मूळ वस्तू इथे राहू द्या.

आणि शेवटी, गावात एक कपाट. जमातीच्या कार्यालयात, मदरशाच्या किंवा उर्दू शाळेच्या खोलीत काचेचे एक कपाट आणि एक नोंदवही पुरते. कुणी नली देईल, कुणी पानदान, कुणी मासेमारीच्या होडीवरची जुनी कंदील-होकायंत्रे. ज्यांना वस्तू द्यायची नाही त्यांनी फक्त फोटो आणि माहिती द्यावी. देणाऱ्याचे नाव वहीत लिहावे, म्हणजे उद्या भांडण होणार नाही. एका सुट्टीत दहावीच्या मुलामुलींनी मनावर घेतले तर एवढे काम होऊन जाते. शेजारच्या हिंदू, आगरी, कोळी घरांतल्या वस्तूही त्यात आल्या तर चांगलेच. खाडी सगळ्यांची होती आणि होड्याही.

ऊरच्या त्या वाड्यात थोड्याशा वस्तू होत्या आणि एक चिठ्ठी होती. ट्रेडस्कँटच्या घरात बागवानाची जमवाजमव होती, कैरोत मशिदीचे अंगण होते, पुण्यात अडकित्ते होते. आपल्याकडे माळ्यावरची पेटी आहे. येत्या पावसाच्या आधी ती खाली काढू या, उघडू या, आणि आत जे आहे त्याचे नाव लिहू या.